नांगर कुठे पडतो

होडी थांबली की नांगर पडतो. तो वाळूत रुतला की प्रवाळावर आदळला, हे वरून कळत नाही. भरीव, गोलसर प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. त्यांची कित्येक दशके एका हिसक्यात मोडतात. प्रवाळस्नेही डायव्हिंग आणि स्नॉर्केलिंगच्या प्रमाणीकरणाकडे वळणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत. पण त्याने सुरुवात या नांगरापासून करावी, प्रमाणपत्रापासून नव्हे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००४ मध्ये सुरू केलेला ‘ग्रीन फिन्स’ हा उपक्रम या क्षेत्राचा पाया मानावा असा आहे. त्याच्या आचारसंहितेत १५ कलमे आहेत. प्रशिक्षित निरीक्षक होडीत बसतो, पर्यटकांसोबत पाण्यात उतरतो, आणि गाईड काय सांगतो यापेक्षा काय करतो ते पाहतो. गुण ० ते ३३० असतात, आणि ते जितके कमी तितके केंद्र चांगले. मला ही उलटी रीत फार मोलाची वाटते, कारण तिथे मोजली जाते ती इजा. पुढे २०१९ मध्ये आयएसओ २१४१६ हे डायव्हिंग सेवांसाठीचे पर्यावरणीय मानकही आले.

आपल्याकडे मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, म्हणजे वाघाला आहे तेच. पण पोहता न येणारा पर्यटक घाबरून खडकावर पाय टेकतो, तेव्हा कायदा तिथे नसतो. शेजारी गाईड असतो. माशांना पाव टाकू नका, हेही त्यानेच सांगायचे, आणि खूश होऊन परतणाऱ्या गिऱ्हाइकावरच तर त्याचे पोट चालते. त्याची ही अडचण समजून न घेता लिहिलेले मानक कागदावरच राहते.

सर्वांत अवघड प्रश्न पुढेच आहे. प्रमाणपत्र एकेका व्यावसायिकाला मिळते, प्रवाळ मात्र सगळ्यांचे असते. एकाने बोयाला दोर बांधला आणि शेजारच्याने तिथेच नांगर टाकला, तर पहिल्याच्या संयमाचे काय? बोया कोणी बसवायचा, त्याची साखळी दरवर्षी कोणी तपासायची, लहान होडीवाल्याची फी कोणी भरायची? या पुस्तकातली निम्मी पाने याच प्रश्नांवर खर्च झाली आहेत. ती वाचण्याआधी जमल्यास एकदा मास्क लावून पाण्यात डोके घाला, आणि नांगराचा दोर कुठवर गेला आहे ते पाहा.