टेस्टरची कुळकथा

कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये एखाद्या घरी फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, की वायरमनला निरोप जातो. तो खिशातला टेस्टर काढतो, टोक सॉकेटच्या भोकात घालतो आणि मागच्या टोपणावर बोट ठेवतो. आतला दिवा नारिंगी पेटला की फेज सापडला. वीतभर लांबीच्या या हत्याराचं मूळ हवेत आहे.

1898 साली लंडनमध्ये विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेतून निऑन वायू वेगळा काढला. हवेच्या दहा लाख भागांत तो जेमतेम अठरा भाग असतो. 1910 साली जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसमध्ये त्याच्या लांब नळ्या उजळून दाखवल्या आणि 1917 साली अमेरिकेत डॅनियल मॅकफार्लन मूर यांनी त्याचाच इवलासा दिवा केला. टेस्टरमधला हा दिवा नगण्य प्रवाहावरही पेटतो. त्याला सुमारे दहा लाख ओहमचा रेझिस्टर जोडला, की 230 व्होल्टच्या तारेतूनही अंगातून पाव मिलिअँपिअरहून कमी प्रवाह जातो. दिवा पेटतो, माणसाला काही जाणवत नाही.

आपलं तीन गोल भोकांचं सॉकेट 1934 च्या ब्रिटिश मानकाच्या घराण्यातलं. ब्रिटनने 1947 पासून चौकोनी पिना घेतल्या, आपण गोलच ठेवल्या. 1960 साली राज्य वीज मंडळ झालं, पुढच्या काळात गावोगाव तारा गेल्या आणि हे सॉकेट घरोघर बसलं. समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं.

जुन्या घराला नवी खोली काढताना वायरिंगचंही जोडकाम होतं आणि तिथेच तारा चुकतात. टेस्टर त्या चुका बोलून दाखवतो. डाव्या भोकात उजेड आला तर तारा उलट्या जोडल्यात. बटण बंद करूनही उजेड राहिला तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलंय. अशा बोर्डावर बटण बंद करून दुरुस्ती करणं जिवावर बेततं. पंखा किंवा टीव्ही चालू ठेवल्यावर दोन्ही भोकांत उजेड दिसला तर न्यूट्रल कुठेतरी तुटलाय. वरच्या भोकात दिवा पेटला तर मेन स्विच बंद करून लगेच वायरमनला बोलवावं.

मात्र वरचं भोक अंधारं असलं म्हणजे अर्थिंग आहेच, असं टेस्टर सांगू शकत नाही. अर्थिंगची तार जोडलेलीच नसेल, तरीही तो अंधारच दाखवतो. ती तपासणी वायरमनकडूनच करून घ्यावी आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहावं, कारण कोरड्या मातीत गळका प्रवाह नीट उतरत नाही. टेस्टरही दर वेळी आधी चालू बोर्डात पेटवून बघावा. बिघडलेला टेस्टर जिवंत तारेलाही बंद म्हणतो, आणि त्या शब्दावर विसंबून कुणी हात घालू नये.