बुद्धिमापनाची भाषा : धारवाड, अलाहाबाद आणि झाशीतील मराठी मूल

पेशवाईच्या स्मृतीत बुद्धीची एक मोजदाद रूढ आहे. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे व विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे आणि नाना फडणीस अर्धे, मिळून साडेतीन. नानांची बुद्धी मसलतीत चाले, तलवारीत नव्हे, म्हणून ते अर्धे, असे परंपरा सांगते. या मोजदादीत विनोदाचा अंश उघड आहे. तरीही तिच्यामागे एक व्याख्या उभी आहे : दरबार आणि रणांगण या दोन्ही ठिकाणी जी चालते ती बुद्धी. मापनाच्या आधी व्याख्या येते आणि व्याख्या त्या त्या काळाच्या गरजेतून येते, ही गोष्ट विसाव्या शतकातील मानसशास्त्राविषयीही खरी आहे.

तेथे गरज शाळेची होती. सामान्य वर्गात मागे पडणारी मुले कशी ओळखावीत, हा प्रश्न १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणखात्याने नेमलेल्या आयोगापुढे होता. त्यातून आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सीमाँ यांची १९०५ ची मापनश्रेणी सिद्ध झाली. बिनेच्या दृष्टीने बुद्धीचे मर्म ज्या शक्तीत होते, तिला मराठीत 'तारतम्य' म्हणणेच योग्य ठरेल. पुढे विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला शारीरिक वयाने भागले, १९१६ मध्ये लुइस टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणले, आणि तारतम्याचा आकडा झाला. एडविन बोरिंग यांनी १९२३ मध्ये चाचण्या जे मोजतात ते म्हणजे बुद्धी, अशी व्याख्या करून व्याख्येचा प्रश्नच जणू निकालात काढला. मराठीने त्या आकड्याला 'बुद्ध्यंक' हा शब्द दिला. सांख्यांची बुद्धी निश्चय करते, मेधा धारण करते, काव्यशास्त्रातील प्रतिभा नवे निर्माण करते. या समृद्ध परिवारातून एकाच पदाला अंक जोडला गेला. मूळ फ्रेंच कल्पनेहूनही तो संकोच मोठा होता, असे मला वाटते.

भारतीय भाषांत हे मापन आणण्याचा उद्योग भाषांतराचा उद्योग होता. लाहोरच्या हर्बर्ट राइस यांची हिंदुस्तानी श्रेणी १९२९ साली प्रसिद्ध झाली. मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचे काम मात्र धारवाडचे. तत्कालीन मुंबई इलाख्यातील या द्वैभाषिक प्रदेशात व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी बिनेच्या श्रेणीचे पुनर्रचन केले. त्याचा वृत्तांत १९३४ मध्ये ब्रिटिश शिक्षणमानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि १९४० मध्ये त्यावरील ग्रंथ प्रकाशित झाला.

दोन भाषांतील मुलांना एकच प्रश्न विचारता येतो काय? शब्दसंग्रहाच्या प्रश्नांबाबत ही शंका कोणालाही सुचेल. आकड्यांबाबत सहसा सुचत नाही. ऐकलेले अंक त्याच क्रमाने म्हणून दाखवणे ही बिनेपासूनची परिचित चाचणी आहे. मराठीत 'सहा' आणि 'नऊ' वगळता एक ते नऊ हे अंक उच्चारात एकाक्षरी आहेत; कन्नडात 'ओंदु', 'एरडु', 'मूरु' यांपासून 'ओंबत्तु'पर्यंत एकही अंक दोन अक्षरांहून लहान नाही. उच्चाराला अधिक वेळ घेणारे अंक स्मरणात कमी राहतात. एलिस व हेनेली यांनी १९८० मध्ये वेल्श आणि इंग्रजी अंकांच्या तुलनेत नेमके हेच दाखवून दिले. वेल्श मुलांचे गुण कमी पडत, ते काही अंशी त्यांच्या अंकांच्या लांबीमुळे. टर्मनच्या श्रेणीत वीसपासून उलटे मोजण्याचाही प्रश्न आहे. मराठी मूल पहिल्याच पावलाला 'एकोणीस' म्हणते, म्हणजे त्याची भाषा वजाबाकी अगोदरच करून ठेवते. यमक जुळवण्याच्या प्रश्नाचे तर काय सांगावे! 'जातो', 'येतो', 'गातो' असे प्रत्ययांनीच यमक साधणाऱ्या भाषेत तो प्रश्न इंग्रजीइतका अवघड राहत नाही. चाचणीचे शब्द भाषांतरित होतात, काठिण्य होत नाही.

या पार्श्वभूमीवर झाशीकडे पाहावे. १७४२ मध्ये नारोशंकर तेथे सुभेदार झाले, तेव्हापासून मराठी कुटुंबे त्या शहरात नांदत आली. अशा घरातील मुलाची भाषा घरी मराठी, गल्लीत बुंदेली, शाळेत हिंदी. त्याला कोणती श्रेणी लावावी? भाषेला वळसा घालण्याचा प्रयत्न त्याच प्रांतात झाला होता. अलाहाबादचे सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये कृतिचाचण्यांचा संच प्रसिद्ध केला : ठोकळे, सरकपट्टी, आकृतिरेखन, तात्कालिक स्मरण, चित्रजुळणी. साक्षर व निरक्षर अशा दोन्ही गटांतील अकरा ते सोळा वयाच्या मुलग्यांवर तो प्रमाणित केलेला होता, आणि निरक्षरांचा विचार प्रथमपासून करणे ही त्याची थोरवी. परंतु आकृतिरेखनाला पेन्सिलीची सवय लागते, चित्रजुळणीला चित्रे पाहण्याची, आणि स्मरणाच्या चाचणीत भाषेचे ध्वनी परत येतातच. शिवाय मुलींना त्या प्रमाणकांत जागा नव्हती. झाशीच्या संदर्भात ही उणीव विशेष बोचते.

नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी १९६९ मध्ये वेक्स्लर यांच्या बालश्रेणीचे भारतीय रूप सिद्ध केले. इंग्रजी, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषांची सोय असल्याने झाशीच्या मुलाला ते सर्वांत जवळचे. मात्र प्रमाणके जुनी होत जातात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील आकडे मांडून दाखवले की तेथील सरासरी गुण दर दशकाला सुमारे तीनने वाढत होते. म्हणजे जुन्या प्रमाणकांवर आजचे मूल आहे त्याहून हुशार दिसू शकते आणि साहाय्यास अपात्र ठरू शकते. हा धोका पुस्तकी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला आणि २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तिच्या निदानापूर्वीच्या बुद्धिमापनासाठी मॅलिन यांच्या श्रेणीचे नाव आले. परीक्षेच्या मेजावर झाशीचे मराठी मूल एखाद्या हिंदी शब्दाचा अर्थ बुंदेलीत सांगते, तेव्हा त्याला गुण द्यावा की नाही, हे समोर बसलेल्या परीक्षकालाच ठरवावे लागते.