गर्भारपणातील पॅप तपासणी : पाहणे, कापणे आणि थांबणे यांचा इतिहास



मी अभियांत्रिकी महाविद्यालयात गुणवत्ता नियंत्रण शिकवते. कोणत्याही तपासणीत दोन प्रकारच्या चुका होतात, हे या विषयाच्या पहिल्याच तासाला सांगावे लागते. कधी चांगला भाग सदोष ठरतो, तर कधी सदोष भाग चांगला समजून पुढे जातो. पहिल्या चुकीला आपण ‘खोटा इशारा’ म्हणू आणि दुसरीला ‘सुटलेला दोष’. कारखान्यात दोन्हींची किंमत रुपयांत मोजता येते. आज आपण ज्या तपासणीचा इतिहास पाहणार आहोत, तिथे ती आईच्या आणि पोटातल्या बाळाच्या जिवाने मोजावी लागते.

ही तपासणी म्हणजे पॅप स्मिअर. गर्भाशयमुखावरच्या पेशी हलकेच खरवडून काचपट्टीवर पसरतात, त्यांना रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग एका दिवसात होत नाही. त्याआधी बहुधा काही वर्षे पेशींचे रूप बदलत जाते. हा बदल वेळेत दिसला तर छोट्या उपचाराने काम भागते. पण गर्भवती स्त्रीची ही तपासणी करावी का, आणि तिच्यात दोष दिसला तर काय करावे, या प्रश्नांची उत्तरे मिळायला वैद्यकशास्त्राला अनेक दशके लागली.

१. शोध गर्भारपणाचा, सापडला कर्करोग

जॉर्ज पापानिकोलाउ यांचा जन्म १८८३ साली ग्रीसमध्ये झाला. १९१३ मध्ये ते पत्नी आंद्रोमाकीसह न्यूयॉर्कला आले. सुरुवातीला पोटासाठी दोघांनीही दुकानात नोकरी केली. पुढे कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात पापानिकोलाउ गिनीपिगवर संशोधन करू लागले. योनीतल्या स्रावातील पेशी पाहून त्या प्राण्याच्या प्रजननचक्राची अवस्था ओळखता येते, हे त्यांनी चार्ल्स स्टॉकर्ड यांच्यासह १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. मग हीच पद्धत त्यांनी माणसाला लावून पाहिली. त्यासाठी आंद्रोमाकी यांनी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने दिले आणि प्रयोगशाळेत विनावेतन कामही केले. तपासणीला मात्र नाव मिळाले ते एकट्या पतीचे.

१९२५ मध्ये पापानिकोलाउ यांनी स्मिअरवरून गर्भधारणा लवकर ओळखण्याविषयी लेख लिहिला होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. म्हणजे या पद्धतीचा आणि गर्भारपणाचा संबंध कर्करोगाच्या तपासणीइतकाच जुना आहे. अशाच नमुन्यांत त्यांना कर्करोगाच्या पेशी दिसल्या आणि १९२८ मध्ये त्यांनी तो निष्कर्ष मांडला. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश यांनीही स्वतंत्रपणे असेच काम केले होते. त्या वेळी दोघांकडेही फारसे लक्ष गेले नाही. पापानिकोलाउ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांचा लेख १९४१ मध्ये आणि ग्रंथ १९४३ मध्ये आला, तेव्हा कुठे डॉक्टरांना या तपासणीचे महत्त्व पटू लागले.

२. पाहायचे राहून गेले

१९५१ च्या सुरुवातीला अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय स्त्री रक्तस्राव होतो म्हणून आली. तिच्या गर्भाशयमुखावर गाठ होती. काही महिन्यांपूर्वीच, १९५० मध्ये, याच रुग्णालयात तिचे पाचवे बाळंतपण झाले होते. त्या वेळच्या आणि त्यानंतरच्या तपासणीच्या नोंदींत गर्भाशयमुखाच्या दोषाचा उल्लेखच नव्हता. ऑक्टोबर १९५१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी ती वारली. तिला न विचारता घेतलेल्या तिच्या गाठीच्या पेशी ‘हेला’ या नावाने आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत.

गर्भारपणात तपासणी झाली असती तर ती नक्की वाचली असती, असे म्हणता येत नाही. तिचा कर्करोग झपाट्याने वाढणारा होता, आणि पुढे तो ग्रंथिपेशींचा असल्याचे आढळले. असा प्रकार स्मिअरमधूनही सुटू शकतो. पण तिच्या कहाणीतून एक गोष्ट दिसते. एरवी डॉक्टरकडे न जाणारी स्त्री गर्भारपणात मात्र रुग्णालयाच्या दारात येते. या संधीचा उपयोग करावा, या विचारातून काही देशांत गर्भवतींच्या पहिल्या भेटीतच स्मिअर घेण्याची पद्धत पडली.

३. घाईने कापणे

आता उलट बाजूची अडचण पाहा. गर्भारपणात संप्रेरकांमुळे गर्भाशयमुख मऊ होते, त्याचा रक्तपुरवठा वाढतो आणि आतली ग्रंथिपेशींची त्वचा बाहेरच्या बाजूला येते. काही पेशींचे रूप इतके बदलते की अननुभवी डोळ्यांना त्या कर्करोगाच्या वाटाव्यात. पेरूचे विकृतिशास्त्रज्ञ हाविएर आरियास-स्तेया यांनी १९५४ मध्ये गर्भाशयाच्या अस्तरातील अशाच एका फसव्या बदलाचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने तो आज ओळखला जातो.

यातून १९४० आणि १९५० च्या दशकांत वाद पेटला. गर्भवतीच्या गर्भाशयमुखावर दिसणारा प्रारंभिक कर्करोग खरा, की बाळंतपणानंतर आपोआप नाहीसा होणारा? बाळंतपणानंतर पुन्हा तपासण्या केल्यावर यातले बरेच दोष टिकून राहिल्याचे दिसले. म्हणजे ‘गर्भारपणामुळे असेल’ असे म्हणून सोडून देणे धोक्याचे होते. पण खात्री करून घ्यायची तर गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा तुकडा कापून काढावा लागे. गर्भारपणात या शस्त्रक्रियेने मोठा रक्तस्राव होई, कधी गर्भपात होई. खोट्या इशाऱ्याची किंमत इथे बाळाला मोजावी लागे.

या कोंडीतून वाट काढली ती कोल्पोस्कोपने. गर्भाशयमुख मोठे करून दाखवणारे हे उपकरण जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये हान्स हिन्सेलमन यांनी १९२५ मध्ये तयार केले होते. सौम्य ॲसेटिक ॲसिड लावले की संशयास्पद भाग पांढरा दिसतो, आणि नमुना घ्यायचाच असेल तर तेवढ्याच जागेचा लहानसा कण घेता येतो. नाझी राजवटीत रोमा स्त्रियांच्या सक्तीच्या नसबंदीबद्दल हिन्सेलमन यांना युद्धानंतर शिक्षा झाली, हेही इतिहास म्हणून नोंदवायला हवे. इंग्रजी भाषक देशांत कोल्पोस्कोप रुळायला १९६० आणि १९७० ची दशके उजाडली. त्यानंतर गर्भवतींवरच्या शंकूछेदाची गरज पुष्कळ कमी झाली.

४. दोन प्रकारचे थांबणे

आज बहुतेक देशांत एक नियम पाळला जातो. गर्भवतीच्या तपासणीत दोष आढळला तर कोल्पोस्कोपने पाहायचे. कर्करोग आत शिरल्याचा संशय नसेल तर उपचार बाळंतपणानंतर करायचा. गर्भारपणाच्या काही महिन्यांत असा दोष कर्करोगात बदलणे दुर्मिळ असते. म्हणून हे थांबणे शहाणपणाचे ठरते.

पण थांबणे नेहमीच शहाणपणाचे नसते. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या राष्ट्रीय महिला रुग्णालयात डॉ. हर्बर्ट ग्रीन यांना वाटे की प्रारंभिक दोष पुढे कर्करोगात बदलत नाही. १९६६ पासून त्यांनी अशा अनेक स्त्रियांवर पूर्ण उपचार न करता त्यांना नुसते निरीक्षणाखाली ठेवले. आपण एका प्रयोगाचा भाग आहोत, हे त्या स्त्रियांना माहीत नव्हते. त्याच रुग्णालयातील सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये आकडे मांडले. उपचारानंतर ज्यांचे स्मिअर निर्दोष राहिले अशा ८१७ स्त्रियांपैकी १२ जणींना पुढे कर्करोग झाला होता. ज्यांचे स्मिअर सदोषच राहिले अशा १३१ पैकी २९ जणींना, म्हणजे २२ टक्के स्त्रियांना, तो झाला होता. १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी हे प्रकरण मासिकातून लोकांसमोर आणले. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल १९८८ मध्ये आला, आणि रुग्णाची माहितीपूर्वक संमती हा त्या देशात कळीचा मुद्दा बनला.

दोन्हीकडे डॉक्टर थांबलेच होते. मग फरक कशात आहे? गर्भवतीच्या बाबतीत थांबण्याला मुदत असते, मध्ये पुन्हा पाहिले जाते, आणि का थांबलो हे तिला सांगितलेले असते. ऑकलंडमध्ये त्या थांबण्याला मुदत नव्हती, आणि त्याचे कारण त्या स्त्रियांना कुणी सांगितले नव्हते.

५. आपल्या देशात

१९८० च्या दशकात हाराल्ड झुर हाउजेन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचे प्रकार शोधले. त्यांपैकी १८ क्रमांकाचा प्रकार हेन्रिएटाच्या पेशींतही निघाला. या कामासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आता विषाणूचीच चाचणी करता येते. महाराष्ट्रात तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. विषाणू चाचणीच्या एका फेरीनंतर कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी केली. तिथेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

म्हणजे स्वस्त साधन आहे आणि पुरावाही आपल्याच मातीतला आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या केवळ १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी करून घेतल्याचे सांगितले. याच सर्वेक्षणानुसार ८८.६ टक्के बाळंतपणे आरोग्यसंस्थांत होतात. स्त्री दवाखान्यापर्यंत पोहोचते, पण तपासणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

‘मग प्रत्येक गर्भवतीचे स्मिअर घ्या’ असे उत्तर सुचेल, पण ते तितकेसे सरळ नाही. आपला राष्ट्रीय कार्यक्रम वयाच्या तिसाव्या वर्षापासून सुरू होतो आणि बहुतेक बाळंतपणे त्याआधीच होतात. ब्रिटनमध्ये नेहमीची तपासणी बाळंतपणानंतर सुमारे १२ आठवड्यांपर्यंत पुढे ढकलतात. अमेरिकेत तपासणीची वेळ झालेली असेल तर ती गर्भारपणातच करतात. दोन्हीकडे तपासणी कधी करायची हे ठरलेले आहे. आपल्याकडे निदान एवढे तरी होऊ शकते : गर्भारपणातला रक्तस्राव ‘होतं असं’ म्हणून न सोडता डॉक्टरांनी गर्भाशयमुख पाहावे. आणि बाळाच्या लसींच्या तारखा ज्या कार्डावर लिहून देतात, त्यावरच आईच्या तपासणीचे वर्षही लिहावे.

विचार करा

१. खोटा इशारा आणि सुटलेला दोष, यांपैकी गर्भारपणात कोणती चूक अधिक महाग? बाळंतपणानंतर तुमचे उत्तर बदलेल का?

२. उपचार पुढे ढकलताना रुग्णाला कोणत्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत? ऑकलंडच्या उदाहरणावरून यादी करा.

३. तुमच्या घरातल्या तिशी ओलांडलेल्या स्त्रियांपैकी किती जणींनी ही तपासणी केली आहे? हा प्रश्न वहीत सोडवायचा नाही. घरी जाऊन विचारायचा आहे.