उरलेले चौघे



मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्री पुस्तके वाचून. पदार्थविज्ञानावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण फाटकावर अडविलेली माणसे मी जन्मभर पाहिली आहेत. गेल्या वर्षी आमच्या एका सभासदाची मुलगी कचेरीत आली. परदेशात पदार्थविज्ञानाच्या मास्टर्सला तिला प्रवेश मिळाला होता. गुण होते, शिफारसपत्रे होती. बँकेतील शिलकीचा दाखला तेवढा नव्हता. जागा गेली. तेव्हापासून अब्दुस सलाम यांची हकीकत माझ्या मनात घोळते आहे.

सलाम यांचा जन्म १९२६ चा, गाव पंजाबातील झंग. चौदाव्या वर्षी ते मॅट्रिकला पंजाब विद्यापीठात पहिले आले. १९४६ साली लाहोरला गणितात एम. ए. झाले. पुढे केंब्रिजला जायचे, पण पैसा कोठून आणायचा? पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री खिजर हयात तिवाना यांनी महायुद्धासाठी निधी जमविला होता. युद्ध संपले, पैसा उरला. त्यातून लहान शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पाच शिष्यवृत्त्या निघाल्या. एक सलाम यांना मिळाली. त्याच सुमारास सेंट जॉन्स कॉलेजात एक जागा अवचित रिकामी झाली आणि त्याच वर्षी ते केंब्रिजला पोहोचले. उरलेल्या चौघांना जागा मिळायची होती पुढच्या वर्षी. ते वर्ष १९४७ चे. फाळणी झाली आणि शिष्यवृत्त्या बुडाल्या. सलाम स्वतःच ही गोष्ट सांगत.

केंब्रिजला सलाम यांनी गणित आणि पदार्थविज्ञान या दोन्हींत पहिला वर्ग मिळविला. १९७९ साली त्यांना दोघा शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्या चौघांची आठवण मात्र कोणी काढीत नाही.

कोणी म्हणेल, हे नशीब. सलामही श्रद्धाळू होते; पण ते नशिबावर विसंबून बसले नाहीत. १९५१ साली ते लाहोरला परतले, तेव्हा बरोबरीने संशोधन करणारे तेथे कोणी नव्हते. १९५४ साली त्यांना पुन्हा देश सोडावा लागला. तो सल त्यांनी विसरला नाही. १९६४ साली त्यांनी इटलीतील ट्रिएस्ट येथे सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभे केले. गरीब देशांतील शास्त्रज्ञांनी तेथे यावे, काम करावे आणि मायदेशी परतावे, ही योजना. १९९१ पासून तेथे विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा डिप्लोमाही सुरू झाला. त्याला फी नाही. राहण्याखाण्यासाठी विद्यावेतन मिळते. तेथून तयार होऊन मुले डॉक्टरेटकडे वळतात.

मित्रहो, एकाला पगारवाढ मिळाली म्हणजे संप जिंकला, असे आम्ही मानीत नाही. पाचांतील एक आत गेला, एवढ्यावर समाजानेही समाधान मानू नये. सलाम यांची शिष्यवृत्ती युद्धाच्या उरल्या पैशातून निघाली, म्हणून ती एका वर्षात बुडाली. आपल्या पतपेढ्यांनी, विश्वस्तनिधींनी आणि आमच्या युनियननेही कायमचा निधी उभारावा. त्यासाठी युद्धाची वाट पाहण्याचे कारण नाही.

ती मुलगी यंदा पुन्हा अर्ज करीत आहे.