जड आवाजाची वंशावळ

१९६५ सालची गोष्ट. बर्मिंगहॅममधल्या एका पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा नोकरीचा शेवटचा दिवस भरत होता. गिटार घेऊन बँडबरोबर दौऱ्यावर जायचं पक्कं झालं होतं. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायची त्याची इच्छा नव्हती. आईनं सांगितलं, दिवस पुरा करून ये. प्रेसवरचं नेहमीचं माणूस त्या दिवशी आलं नव्हतं, म्हणून सवय नसलेल्या या मुलाला तिथं उभं केलं गेलं. प्रेस खाली आली आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. मुलगा डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हातच गेला.

कोल्हापुरात उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत ही हकिकत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. फौंड्री, लेथ आणि पॉवर प्रेस यांवर हे शहर उभं आहे, आणि प्रेसनं बोट नेलेला माणूस इथे बऱ्याच जणांच्या ओळखीत असतो. म्हणून हेवी मेटलचा मागोवा घ्यायचा तर तो कोल्हापुरातून घ्यावा असं मला वाटतं. हे संगीत आकाराला आलं ते कारखान्यांच्या गावात, कामगारांच्या पोरांच्या हातांनी.

आयोमीच्या कारखान्यातल्या मॅनेजरनं त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ साली आगीत निकामी झाली होती, तरी तो उरलेल्या बोटांवर जगाला थक्क करणारं जॅझ वाजवायचा. आयोमीनं घरी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबताना दुखायचं, म्हणून बँजोच्या हलक्या तारा गिटारला चढवल्या. पुढे तारा सैल केल्या. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बमपर्यंत त्याची गिटार नेहमीच्या पट्टीच्या दीड स्वर खाली उतरली होती. सैल तारेतून निघणारा तो खोल, जड आवाज म्हणजे ‘ब्लॅक सॅबथ’. १९६८ साली जमलेली ही चार पोरं. त्यांतला गायक ऑझी ऑस्बोर्न काही काळ कत्तलखान्यात कामाला होता. १३ फेब्रुवारी १९७० ला त्यांचा पहिला अल्बम आला आणि हेवी मेटलची गंगोत्री बहुतेक जण तिथेच मानतात.

या आवाजाची रचना आपल्याकडच्या कानसेनांना वाटतं तितकी परकी नाही. अॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे ढकललं की आवाज फाटतो आणि मूळ स्वराभोवती उपस्वरांची दाटी होते. अशा दाटीत सा-ग-प असे तीन स्वर एकत्र छेडले तर चिखल होतो. म्हणून मेटलचा गिटारवाला गंधार सोडतो आणि नुसते सा-प धरतो. यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. तंबोरा तरी दुसरं काय करतो? आणि तंबोऱ्याची जवारी तरी काय असते? घोडीचा पृष्ठभाग घासून आणि तारेखाली दोरा सरकवून स्वराला मुद्दाम आणलेला झणत्कार. ती जवारी काढणारे हात कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर मिरजेत आहेत, आणि त्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, हत्यारांना धार लावणारे. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमची सुरुवात षड्जावरून थेट तीव्र मध्यमावर उतरते. युरोपात हे अंतर अशुभ मानलं जाई. आपला कान मात्र पूरिया-मारव्यात दर संध्याकाळी त्या तीव्र मध्यमाला भेटत आलेला आहे.

आता हा आवाज महाराष्ट्रात कसा उतरला ते पाहू. वाट मुंबईतून गेली, आणि मुंबईतही नेमक्या एका वस्तीतून: धोबीतलाव. १८६५ पासूनचं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान तिथलं. गोव्याहून नोकरीसाठी आलेल्यांचे गावागावांचे कूड, म्हणजे सामायिक बिऱ्हाडं, तिथलेच. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना नोटेशन, सोल्फा आणि व्हायोलिन शिकवलं जाई. ते शिकलेले वादक आधी हॉटेलांच्या जॅझ बँडमध्ये आणि मग हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत गेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट ही त्यांतली मोठी नावं. पाश्चात्य पद्धतीनं ताफ्यात बसून वाजवायची सवय या शहराला त्यांनी लावली. १९७२ साली ‘लेड झेपलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले आणि इथल्याच स्टुडिओ-वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती बाहेर यायला २०१५ उजाडलं.

मग १९८४. मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड जमला. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस; पुढे गायक उदय बेनेगल आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. नावं एका ओळीत वाचली तरी मुंबई दिसते. त्या काळी परदेशी गिटार आणि अॅम्प्लिफायरवर जबर आयात शुल्क होतं. बहुतेकांच्या हाती कोलकात्यात बनलेल्या गिटारी असत. गाणी यायची ती कॅसेटवरून कॅसेटवर उतरत, प्रत्येक उतरणीला थोडी आणखी खरखर घेऊन. कॉलेजच्या महोत्सवांत लोक ओरडून परदेशी गाण्यांची फर्माईश करत. अशा वेळी रॉक मशीननं स्वतःची गाणी लिहिली आणि १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वरचित अल्बम काढला. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याचं हुबेहूब वाजवणारा ताफा आणि बँड यांत फरक इथे पडतो. १९९३ मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ असं नाव घेतलं. हार्ड रॉकच्या कुळातला हा बँड. पण मेटलवाल्यांना त्यानं वाट करून दिली.

या सगळ्यांचं पंढरपूर म्हणजे रंगभवन. धोबीतलावलाच, सेंट झेविअर्स कॉलेजला लागून असलेलं उघडं नाट्यगृह. १९७८ पासून तिथे जॅझ यात्रा भरली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात फरहाद वाडियांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केला आणि ऑगस्टच्या पावसात भिजत पोरं तिथे मान झुलवू लागली. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. शाळा, कॉलेज, रुग्णालय, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरला. एका बाजूला झेविअर्स, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय, रंगभवन मुकं झालं. रुग्णांना शांतता मिळालीच पाहिजे, त्याविषयी दुमत नाही. पण त्या जागेच्या बदल्यात दुसरी जागा देणं कुणालाच आपलं काम वाटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

याच सुमारास खऱ्या अर्थानं मेटल म्हणावे असे बँड उभे राहिले. ‘सेप्टर’ १९९८ चा. त्याच्या ड्रमवर अनिकेत वाघमोडे. २००० मध्ये साहिल मखिजा या मुलानं ‘डीमॉनिक रेझरेक्शन’ काढला. तेव्हा तो विशीतही नव्हता. डेथ मेटलचा गुरगुरता गळा, ब्लॅक मेटलचा वेग आणि त्यावर कीबोर्डचा भव्य पडदा असं त्यांचं मिश्रण. असं संगीत कसं ध्वनिमुद्रित करायचं हे सांगणारं इथे जवळजवळ कुणी नव्हतं, म्हणून साहिल स्वतःच रेकॉर्डिंग शिकला, स्वतःचं लेबल काढलं, इतर बँडनाही हात दिला. २०१० मध्ये ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाचा पुरस्कार त्यांना मिळाला. २०१७ च्या त्यांच्या ‘दशावतार’ या अल्बममध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंत दर अवताराला एक गाणं आहे. २००६ मध्ये जमलेला ‘झिग्नेमा’ २०११ साली जर्मनीतल्या वाकन या गावी वाजवून आला. जेमतेम दोन हजार वस्तीच्या त्या खेड्यात १९९० पासून जगातली मोठी मेटल-जत्रा भरते. दरम्यान १ फेब्रुवारी २००८ ला ‘आयर्न मेडन’नं आपल्या जगदौऱ्याचा नारळ मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात फोडला होता.

या बँडांची कुंडली मांडली की दिसतं, एकाचा ड्रमर दुसऱ्यात, दुसऱ्याचा बासवाला तिसऱ्यात. पुस्तक नाही, शाळा नाही. वयानं थोडा मोठा असलेला कुणीतरी शेजारी बसवून हात दाखवतो. कोल्हापूरला ही रीत शिकवायला नको. पेठापेठांतल्या तालमी तशाच चालत आल्या, आणि गाणंही.

आणि इथेच अल्लादिया खाँसाहेबांचं नाव घ्यावं लागतं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये त्यांना कोल्हापूर दरबारी आणलं. त्याआधी दुसऱ्या एका दरबारात दिवसच्या दिवस सलग गावं लागल्यामुळे त्यांचा आवाज बसला होता. दीर्घकाळ गाता येईना. पुन्हा गळा चालू लागला तेव्हा पूर्वीचा हलका, गोड, फिरता आवाज परत आला नाही. जो आला त्याला साजेशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली: लयीला घट्ट धरून चालणारी, पेचदार, दमसासावर उभी. जयपूर-अत्रौली घराणं म्हणून आपण जिच्यापुढे नतमस्तक होतो ती ही गायकी मोडलेल्या आवाजातून उभी राहिली, जशी आयोमीची गिटार तुटलेल्या बोटांतून. दोघांची तुलना करणं काहींना पटणार नाही. मी ती पूर्ण आदरानं करतो आहे. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीत गेली. त्याच तबकडीत चक बेरीची इलेक्ट्रिक गिटारही आहे. निवड करणाऱ्यांना दोन्ही शेजारी ठेवताना संकोच वाटला नाही.

परकं वाद्य आपलं करण्यातही कोल्हापूर जुनं. हार्मोनियम युरोपातून आली. गोविंदराव टेंबे इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेत गायक भास्करबुवा बखले आणि खाँसाहेबांना ऐकत वाढले आणि त्यांनी त्या पेटीला गायला लावलं. १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या. तरीही आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी घातली होती. आज तिच्यावाचून गाण्याची बैठक पुरी होत नाही. इलेक्ट्रिक गिटारला नाकं मुरडणाऱ्यांनी ही तीन दशकं आठवावीत.

दुसरं परकं वाद्य बेंजो. जपानात १९१२ साली टायपरायटरसारख्या कळा बसवून बनवलेलं तैशोगोतो हे त्याचं मूळ. आपल्याकडे त्याला पिकअप लावला, भोंग्याला जोडलं आणि गणपतीच्या मिरवणुकीत उतरवलं. भोंग्यातून फाटत येणारा बेंजोचा तो चिरका स्वर म्हणजे महाराष्ट्राच्या गल्लीनं कुणालाही न विचारता शोधलेलं डिस्टॉर्शन. त्याच्या मागे हलगी, घुमकं, कैताळ. १९१२ मध्येच बांधून झालेल्या खासबाग मैदानात कुस्ती रंगात आली की हलगी जी चाल धरते, ती मेटलच्या ड्रमरनं एकदा बसून ऐकावी: दोन असमान काड्या, विस्तवावर तापवून ताणलेलं कातडं आणि न थकणारं मनगट. ही कला ज्या जातींनी सांभाळली त्यांना मैदानाच्या कडेला उभं केलं गेलं. गायनसभेत त्यांच्यासाठी बैठक नव्हती. बर्मिंगहॅमच्या कामगार पोरांनाही समीक्षकांनी आधी असंच झिडकारलं होतं. जड आवाज आणि खालचा मानलेला माणूस यांचं नातं दोन्हीकडे जुनं आहे.

त्याच मिरवणुकीत पुढे डॉल्बीच्या भिंती आल्या, छाती हादरू लागली, मग डॉल्बीमुक्त उत्सवाच्या मोहिमा आल्या. त्या मोहिमा योग्य होत्या. मेटलला डॉल्बीच्या पंक्तीत बसवणं मात्र चूक आहे. डॉल्बीत बटण दाबलं की आवाज येतो. मेटलमध्ये दोन्ही पायांनी डबल बासचे पेडल मिनिटामागून मिनिटं एका लयीत चालवायला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो, आणि तो रियाज करायला शेजाऱ्यांची झोप न मोडणारी बंद खोली लागते.

खोलीचाच प्रश्न आहे. देवल क्लबनं टेंब्यांना बसायला जागा दिली, म्हणून टेंबे झाले. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात पाश्चात्य गायन-वादनाचे प्रकार असतात. गिटार शिकणाऱ्या मुलाला सरकारमान्य असं तेवढंच एक दार. केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. त्याच्या पुनर्बांधणीच्या निमित्तानं माझी एक मागणी आहे: संगीत नाटकाच्या तारखांबरोबर वर्षातल्या काही तारखा ड्रमसेट आणि अॅम्प्लिफायर घेऊन येणाऱ्या पोरांनाही, ध्वनीची मर्यादा पाळून, रात्री दहाच्या आत, नाट्यसंस्थांना लागतं त्याच भाड्यात मिळाव्यात.