जहाजासाठी गेले, सुतार घेऊन आले

तापी नदी खानदेशातल्या विद्यार्थ्यांना नव्याने शिकवावी लागत नाही. मुलताईला उगम, भुसावळ आणि शिरपूर तालुक्याजवळून वाहणारा प्रवाह, ७२४ किलोमीटर लांबी आणि शेवटी सुरतेजवळ अरबी समुद्र, हे ते नकाशावर बोट फिरवून सांगतात. नदीच्या त्या टोकाला सुरतेत एकेकाळी काय घडत होते, हे मात्र पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. म्हणून एका नव्या जहाजासाठी तेथे गेलेल्या माणसाची हकिगत आम्ही येथे सांगत आहोत.

मुघल काळात सुरत हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. बऱ्हाणपूरहून खानदेशमार्गे बैलांच्या तांड्यांवर लादलेला माल तेथे जाई. बंदरामुळे जहाजबांधणीही भरभराटीला आली होती. १७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने ‘क्वीन’ नावाचे जहाज सुरतेत बांधून घेतले. त्या कामासाठी मुंबईहून डडली नावाचा अधिकारी गेला होता. तेथे त्याच्या नजरेत भरला तो कामावरचा पारशी मुकादम, लवजी नसरवानजी. डडलीने त्याला मुंबईला येण्यास राजी केले. १७३६ साली काही सुतारांना बरोबर घेऊन लवजी मुंबईत दाखल झाला. पुढे त्याचे घराणे वाडिया म्हणून प्रसिद्ध झाले. गुजरातीत वाडिया म्हणजे जहाज बांधणारा.

जहाज मिळत असताना कंपनीला सुतार कशाला हवा होता? याचे एक उत्तर भूगोलात आहे. तापी आपल्या प्रदेशातून गाळ वाहून नेते. मुखाशी वेग मंदावला की तो खाली बसतो. त्यामुळे मोठ्या जहाजांना सुरत शहरापर्यंत जाता येत नसे. ती बाहेर सुवाळीला नांगर टाकीत. मुंबईचे बंदर मात्र खोल आणि सुरक्षित होते. तेथे उणीव होती ती कसबी हातांची. जहाज एकदाच विकत घेता येते. ते बांधणारा जवळ असला तर नवे बांधता येते आणि जुने दुरुस्तही करता येते.

या हातांत कोणते कसब होते? लवजी मुंबईला गेल्यानंतर सुमारे ४० वर्षांनी स्टॅव्होरिनस नावाचा डच दर्यावर्दी सुरतेला आला. त्याने तेथील सुतारांची रीत बारकाईने नोंदवली आहे. युरोपात फळ्यांच्या सपाट कडा एकमेकींना भिडवून मधली फट तागाच्या दोऱ्यांनी आणि डांबराने बुजवीत. सुरतेचे सुतार कडांना खाचा पाडून फळ्या एकमेकींत बसवीत. बसवलेल्या फळीच्या कडेला ते शेंदूर लावीत आणि दुसरी फळी तिच्यावर दाबीत. जेथे शेंदूर उमटे तेथे उंचवटा आहे, हे कळे. तो तासायचा, पुन्हा दाबायचे, पुन्हा तासायचे. शेंदूर सर्वत्र सारखा उमटला की कडांना एक प्रकारचा डिंक आणि कापसाचा पातळ थर लावून फळ्या खुंट्यांनी घट्ट जोडीत. सांधा डोळ्यांना जेमतेम दिसे.

आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकणारा विद्यार्थी निळा रंग लावून पृष्ठभागाची सपाटी तपासतो. नवी कवळी बसवताना दंतवैद्य रंगीत कागद चावायला देतात. तत्त्व तेच आहे: जे डोळ्यांना दिसत नाही ते स्पर्शाने रंगवून दाखवायचे.

मुंबईत १७५० साली दुरुस्तीसाठी कोरडी गोदी तयार झाली. लवजीचा नातू जमशेटजी बोमनजी याच्या देखरेखीखाली ब्रिटिश आरमारासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या गेल्या. ओकच्या लाकडातील टॅनिनमुळे लोखंडी खिळे गंजतात. सागवानातील तेलामुळे लाकूड टिकते, आणि लोखंडालाही त्याचा तसा त्रास होत नाही. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे.

लवजीची विद्या कोणत्याही ग्रंथात बांधलेली नव्हती. ती सुतारांच्या हातांत होती, म्हणून माणसांबरोबर सुरतेहून मुंबईला जाऊ शकली. पुढे लोखंडी आणि वाफेवरची जहाजे आली, तेव्हा तिची गरज सरली. स्टॅव्होरिनससारख्या पाहुण्याने लिहून ठेवले नसते, तर शेंदराची युक्ती आपल्याला समजलीही नसती. आपल्या गावातले सुतार, लोहार, कुंभार रोज अशाच कितीतरी युक्त्या वापरतात. त्या लिहून घेणारे आपल्यापैकी किती आहेत?

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. लाकडाचे दोन तुकडे, गेरू आणि पॉलिश पेपर एवढे पुरे. शेंदूर वापरू नये. त्यात शिसे असते. एका तुकड्याला गेरूचा पातळ हात द्यावा, दुसरा त्यावर दाबावा आणि उमटलेले डाग घासावेत. दोन कडा पूर्ण जुळायला किती फेऱ्या लागतात, ते विद्यार्थ्यांनी मोजावे. मग जवळच्या सुताराला वर्गात बोलवावे, आणि तो हेच काम कसे करतो ते त्याच्याकडून वहीत उतरवून घ्यावे.