मालडब्याचा फोटो कुणी काढत नाही

धोदाणी हे आमच्या पनवेल तालुक्यातले, माथेरानच्या पायथ्याचे गाव. तिथली माणसे डोक्यावर दूध, भाजी घेऊन डोंगर चढत आली आहेत. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, नेरळकडून, माणसांबरोबर ओझेही वाहायला रूळ आले.

ते घातले अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. वडील सर आदमजी पीरभॉय मुंबईचे दाऊदी बोहरा उद्योगपती. चर्नी रोडचे सॅनिटोरियम त्यांच्याच नावाचे. 1904 मध्ये काम सुरू झाले, 1907 मध्ये गाडी धावली. रुळांतले अंतर फक्त दोन फूट, लांबी सुमारे 21 किलोमीटर, खर्च 16 लाख रुपये. उर्दूच्या तासाला हे नाव घेतले की एखादा तरी विचारतो, "सर, ते आपले होते?" मी म्हणतो, "माथेरानकरांना विचार, ते कुणाचे होते."

इंजिनाचे कौतुक सगळ्यांनाच. या मार्गाची पहिली चार वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेन्स्टाइन आणि कोपेल कंपनीची. त्यातले एक तर इंग्लंडला गेले आणि तिथे जपले गेले. मालडब्याच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते. इंजिन चबुतऱ्यावर चढते आणि डबा भंगारात जातो, हा आपल्याकडचा रिवाजच.

खरे तर माथेरानात डब्याचे मोल जास्त. मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. पुढे गॅसची टाकी असो की तांदळाचे पोते, ते घोड्यावर जाते, हातगाडीवर, हमालाच्या डोक्यावर, नाहीतर गाडीच्या सामानडब्यातून. जुलै 2005 च्या पावसात रूळ वाहून गेले; गाडी परतायला 2007 उजाडले. 2019 च्या पावसाळ्यानंतर नेरळची गाडी पुन्हा बंद पडली, ती ऑक्टोबर 2022 पर्यंत. दोन्ही वेळा पर्यटकांची हौस हुकल्याचीच चर्चा जास्त झाली. घोड्याच्या पाठीवर वाढलेल्या पोत्यांचा इतिहास लिहायला कोण बसणार? म्हणून वाटते, जुना एखादा मालडबा इंजिनाशेजारी उभा करावा, दारे उघडी ठेवून, म्हणजे मुलांना आत चढता येईल.

मागे सहलीला अमन लॉज स्टेशनवर मुलांची इंजिनासमोर झुंबड उडाली. मी त्यांना मागच्या सामानडब्यापाशी नेले.

"सर, इथे काय बघायचं?"

आत कांद्याची पोती होती. हमालाने एक बाजूला सरकवले आणि म्हणाला, "या पोरांनो, बघा."